दोन पट्ट्या

माझा धाकटा भाऊ पहाटे सहाच्या सुमाराला कल्याणला माझ्याकडे चहाला थांबतो, तेव्हा त्याच्या खिशात एक पट्टी असते आणि डोक्यात दुसरी. खिशातली पट्टी वाशीच्या आडत्याची: कॅरेट किती, भाव काय निघाला, हमाली-तोलाई किती गेली. ती गावी नेऊन ज्याच्या-त्याच्या हातात द्यायची असते. डोक्यातली पट्टी त्याच्या पिकअपच्या इंजिनातली, ऑईल मोजायची. पहिल्या पट्टीबद्दल तो माझ्याशी कधी बोलत नाही. दुसरीनं मात्र गेलं वर्षभर माझं डोकं खाल्लंय.

“ताई, नव्या गाडीचं ऑईल नक्की किती किलोमीटरला बदलायचं गं?”

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. ऑईल हे रसायन, म्हणजे ते ताईला ठाऊक असणारच, असा त्याचा सरळ हिशेब. त्यातून गाडीच्या कर्जाला जामीन मीच आहे. हप्ते तो वेळेवर भरतो, पण उद्या इंजिन बसलं तर बँकेला पहिली आठवण माझी येईल हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. त्यामुळे प्रश्न टाळता येत नाही.

आमचं गाव जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या जवळ. २०२३च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या कॅरेटला, म्हणजे वीस किलोला, दोन हजारांच्या वर भाव गेला होता. त्या वेळी आमच्या दीड एकरात टोमॅटो उभा होता, हे निव्वळ नशीब. सप्टेंबर उजाडला आणि तोच माल रस्त्याकडेला ओतायची पाळी लोकांवर आली. मधल्या दिवसांत जे हाती लागलं, त्यातून भावानं नव्या पिकअपचे सुरुवातीचे पैसे भरले आणि हुंडेकरी झाला. आता तो स्वतःचा माल नेतोच, शिवाय आसपासच्या पाच-सहा जणांचा. संध्याकाळी भरायचं, ओतूर, मढ, माळशेज उतरून मुरबाड, कल्याण, शिळफाटा आणि वाशी.

त्याआधी त्याच्याकडे एक जुनी पिकअप होती, चौथ्या मालकाकडून घेतलेली. ती माळशेजात मेली. वाशीहून रिकामी परत येत होती, घाट चढत होती. आधी टकटक ऐकू यायला लागली, मग ऑईलचा लाल दिवा लागला. “पुढच्या वळणावर जागा आहे, तिथं थांबू,” असं तो क्लिनरला म्हणाला. त्या वळणापर्यंत इंजिन पोचलंच नाही, मध्येच पकडलं. खाली उतरल्यावर इतकी शांतता होती की दरीतल्या धबधब्याचा आवाज येत होता, असं तो सांगतो. पुढं इंजिन उघडल्यावर मेस्त्रीनं त्याच्या तळहातावर बेरिंगचं अर्धं कवच ठेवलं. एरवी ते आतून आरशासारखं गुळगुळीत असतं. हे तव्यावर करपलेल्या भाकरीसारखं झालं होतं. ऑईल डुप्लिकेट निघालं. डबा नामांकित, सील शाबूत, आतला माल कुणाचा कुणास ठाऊक.

तेव्हापासून त्याला ऑईलची धास्ती बसली आहे. घरात दुसरं कुणी ती मनावर घेत नाही, म्हणून तो माझ्याकडे येतो.

नवी गाडी आली तेव्हा पहिले हजार किलोमीटर तिचे लाड पहिलटकरणीसारखे झाले. भार अर्धाच. घाटात घाई नाही. एकाच वेगानं तासन्‌तास पळवायची नाही, रेस दाबून धरायची नाही. “गाडी मोकळी होऊ दे आधी,” हे वाक्य घरातला प्रत्येक जण, अगदी आईसुद्धा, म्हणायला लागला होता. मोकळी होणं म्हणजे नेमकं काय, हे पहिल्या सर्व्हिसिंगला कळलं. मी मुद्दाम सोबत गेले होते. नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत एकमेकींना घासत घासत जागा करून घेतात. त्यात जो सूक्ष्म कीस निघतो, तो ऑईल उचलून घेतं आणि फिल्टरच्या स्वाधीन करतं. खाली पसरट भांडं लावून चेंबरचा बोल्ट काढला तेव्हा काळपट धार सुटली. तिथल्या पोरानं टॉर्च मारला. धारेत अभ्रकासारखी बारीक चमक होती. भावाचा चेहरा उतरला. ते पोर वीस-एकवीसचं असेल, पण हसून म्हणालं, “घाबरू नका, पहिल्यांदा एवढं असतंच. दुसऱ्या वेळी दिसलं तर सांगा.”

पण मग दुसरी वेळ कधी? खरी पंचाईत इथून सुरू झाली.

गावच्या मेस्त्रींचं उत्तर ठरलेलं: पाच हजार. त्यांनी आयुष्यभर पाच हजारांवर ऑईल बदललं, त्यांच्या उस्तादानं त्यांच्याआधी बदललं. गंमत म्हणजे अमेरिकेतही कित्येक दशकं हाच पाढा होता, फक्त मैलांत. तीन हजार मैल, म्हणजे साधारण ४,८०० किलोमीटर. तेव्हा तो बरोबरही होता. खनिज तेल साधं, फिल्टर बेताचे. डिझेलमधलं गंधकाचं प्रमाण आपल्याकडे नव्वदच्या दशकात दशलक्ष भागांत हजारांनी मोजावं लागायचं. ते गंधक जळलं की त्यातून आम्ल बनतं आणि ऑईलमध्ये उतरतं. ऑईलमध्ये त्यासाठी अल्कली घातलेली असते, ती आम्लाशी झुंजत झुंजत संपते. संपली की मग आम्ल धातूला लागतं. एवढा भाग मी वर्गात आम्ल-अल्कलीच्या धड्यात हमखास सांगते, कारण मागच्या बाकावरची पोरं तेवढ्यापुरती मान वर करतात. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ लागू झालं, आणि डिझेलमधलं गंधक दशलक्षात दहा भागांवर आलं. आम्लाचा मारा तेवढा कमी झाला. तेलंही सुधारली. मेस्त्रींचा पाढा मात्र होता तोच राहिला.

गाडीच्या पुस्तकाचं उत्तर: २०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांतलं जे आधी होईल ते. पाच आणि वीस. एवढा फरक म्हटल्यावर माणूस कुणावर तरी संशय घेणारच. मेस्त्रींच्या मते कंपनीला गाडी लवकर खराब व्हायला हवी आहे. विकणाऱ्याच्या मते मेस्त्रींना ऑईल खपवायचं आहे. भावाच्या मते दोघेही खरं बोलत आहेत आणि त्यामुळंच त्याला झोप लागत नाही.

एका रविवारी मी ते पुस्तक नीट वाचायला घेतलं. पुस्तक इंग्रजीत होतं. सोबत एक हिंदीतलंही होतं, पण ते इंग्रजीहून अवघड. त्या वीस हजारांच्या आकड्याच्या डोक्यावर एक बारीक चांदणी होती. चांदणीचा माग काढत पानाच्या तळाशी गेले, तर तिथं मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलेलं: कठीण परिस्थितीत वापर असल्यास हे अंतर निम्मं करावं. कठीण परिस्थिती म्हणजे काय, तेही पुढं दिलं होतं. मी एकेक वाचत गेले. भाऊ समोर पोहे खात बसला होता.

“धुळीच्या रस्त्यांवर वापर.”

“माल बांधावरूनच भरतो ना आपण.”

“डोंगराळ भागात वापर.”

त्यानं नुसतं माझ्याकडे बघितलं.

“वारंवार थांबत-चालत वाहतूक.”

“शिळफाटा.”

“इंजिन चालू ठेवून बराच वेळ उभी करणे.”

“वाशीच्या गेटवर कधी अर्धा तास, कधी दोन तास. पुढची हलली की आपण दहा फूट.”

“सतत पूर्ण भारानं वापर.”

इथं तो गप्प झाला. पूर्ण भार किती, हे त्याच पुस्तकात दोन पानं आधी छापलं होतं, आणि तो किती कॅरेट भरतो हे मला माहीत आहे. त्यानं पोह्यातला शेंगदाणा शोधून काढला, खाल्ला, आणि म्हणाला, “म्हणजे कठीण परिस्थिती म्हणजे आपलं रोजचंच की!”

मला हसू आलं, पण नंतर दिवसभर ते वाक्य डोक्यात फिरत राहिलं. कुठल्या तरी वातानुकूलित खोलीत बसून कुणीतरी गाडीचं एक साधं, सरळ आयुष्य कल्पिलं: मोकळा रस्ता, बेताचा भार, स्वच्छ हवा, एका दमात गाठलेलं अंतर. त्या आयुष्याला ‘सामान्य’ म्हटलं आणि ते ठळक अक्षरात छापलं. उरलेलं, म्हणजे आमचं सगळंच, चांदणीखाली गेलं. मी आतापर्यंत हजारो तळटीपा वाचल्या असतील, पण आपण स्वतः एखाद्या तळटीपेत राहतो असं कधी वाटलं नव्हतं.

नंतर सहज माझ्या गाडीचं पुस्तक काढलं. माझी लहान पेट्रोल गाडी, वर्षाकाठी जेमतेम चार हजार किलोमीटर चालते. घर ते कॉलेज तीन किलोमीटर, येताना भाजी, शनिवारी देऊळ. मला वाटायचं, ही गाडी म्हणजे देव्हाऱ्यातली मूर्ती, हिला काय कठीण? तर त्या पुस्तकातही तशीच यादी, आणि तिच्यात ‘वारंवार कमी अंतराच्या फेऱ्या’ हे होतंच. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद केलं की आत साचलेली वाफ बाहेर पडत नाही. ती पाणी होऊन ऑईलमध्येच मुरते, थोडं न जळलेलं इंधनही सोबत. म्हणजे कमी चालवणारी मीही चांदणीखालीच. सामान्य परिस्थितीत गाडी चालवणारा माणूस महाराष्ट्रात शोधायचा तर कुठं शोधावा? समृद्धीवर, पहाटे, एकटा, बहुधा.

मुळात किलोमीटर हे मापच तोकडं आहे. वाशीच्या गेटवर गाडी दोन तास गुरगुरत उभी राहते, तेव्हा मीटर पुढं सरकत नाही. पण आत पिस्टन वर-खाली होत असतो, काजळी बनत असते, ऑईल राबत असतं. याबाबतीत ट्रॅक्टरवाले शहाणे. त्यांच्या डॅशबोर्डवर तासांचा मीटर असतो, आणि ऑईल तासांवर बदलायचं, साधारण अडीचशे तासांनी. शेतात उभ्या-उभ्या यंत्र चालवून वाटेल तेवढं काम करता येतं, हे त्यांना आधीपासून ठाऊक. पिकअपचा जन्म रस्त्यासाठी झाला, म्हणून तिला किलोमीटर चिकटले. प्रत्यक्षात ती निम्मी ट्रॅक्टरच आहे.

तर हिशेब असा मांडला. येऊन-जाऊन एक फेरी तीनशेच्या थोडी वर. हंगामात महिन्याला पंचवीस फेऱ्या, म्हणजे साडेसात हजार किलोमीटर. निम्मं अंतर दहा हजार. ते चाळीस दिवसांत भरतं. ‘किंवा एक वर्ष’ हे वाचून भाऊ खो-खो हसला. वर्षभर टिकेल असं त्याच्या धंद्यात काहीच नाही, टोमॅटोचा भाव तर नाहीच.

आकडा निघाला म्हणून प्रश्न मिटला असं मला वाटलं. तो मिटला नाही, कारण दर चार दिवसांनी त्याचा फोन यायला लागला: “ताई, काळं पडलंय.” नवं ऑईल मधासारखं घालायचं, आणि हजार किलोमीटरच्या आत पट्टीवर डांबर. तो म्हणायचा, एवढं काळं झालं म्हणजे खराब झालं. डोळ्यांना तसंच दिसतं, त्याचा काय दोष. पण डिझेल इंजिनात काजळी होणारच, आणि चांगल्या ऑईलचं एक मोठं काम ती काजळी स्वतःत सामावून घेण्याचं आहे. त्यात घातलेली रसायनं काजळीच्या कणांना एकमेकांपासून दूर ठेवतात, गोळा होऊ देत नाहीत, कुठं चिकटू देत नाहीत. इंजिन आतून स्वच्छ राहतं ते ऑईल काळं होतं म्हणूनच. हजारो किलोमीटर चालूनही डिझेल गाडीचं ऑईल पिवळंधमक राहिलं, तर मला त्याचीच जास्त शंका येईल. आई भांडी घासायची त्या पाण्यावरून भांडी किती स्वच्छ झाली हे कळायचं. मी भावाला हे उदाहरण दिलं. त्याला पटलं नाही. “पण ते पाणी आपण टाकून देतो की नाही?” हाही मुद्दा बिनतोड होता.

त्याला पटवलं ते मेस्त्रींनी, आणि तेही वाद न घालता. मेस्त्रींचं गॅरेज म्हणजे लिंबाच्या झाडाखाली पत्र्याची शेड. मी गावी गेले होते, पिकअप उभी होती. मेस्त्रींनी गेज, म्हणजे ऑईलची पट्टी, ओढलं, चिमटीत ऑईल घेतलं, अंगठा आणि बोट घासून पाहिलं, मग बोटं विलग करून तार किती लांब जाते ते बघितलं. नंतर भिंतीवरच्या कॅलेंडरचा सरलेल्या महिन्याचा कागद फाडला. त्याच्या कोऱ्या बाजूवर गेजच्या टोकावरून एक थेंब सोडला आणि कागद गाडीच्या टपावर सावलीत ठेवून चहा मागवला.

चहा संपेपर्यंत तो थेंब पसरला. मध्यभागी राखाडी-काळा गोल, भोवती हळूहळू फिकट होत गेलेली कडा, जसं सूर्यग्रहणाच्या फोटोत दिसतं. “बघा,” ते म्हणाले, “काळं पसरलंय. म्हणजे ऑईल अजून धरून आहे. ज्या दिवशी काळं मध्येच गोळा होऊन बसेल आणि कडेला नुसतं पाणचट तेल पळेल, त्या दिवशी ते मेलं.” प्रयोगशाळेत आम्ही गाळणकागदावर शाईचे रंग वेगळे करून दाखवतो, त्याच तत्त्वाची ही चाचणी. इंजिनाच्या ऑईलसाठी ती जगभर चालते, तिला रीतसर नावही आहे. मेस्त्रींना ते नाव ठाऊक नव्हतं आणि मीही सांगितलं नाही. पाच हजारांचा पाढा म्हणणारा माणूस मनातल्या मनात दुसरंच काही मोजत असतो, हे मला तेव्हा उमगलं. पाच हजार हे गिऱ्हाइकाला सांगायला. स्वतःला कळायला चिमूट आणि कागद.

मी त्यांना डब्यावरच्या आकड्यांबद्दल विचारलं. १५डब्ल्यू-४०. त्यातला ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, हिवाळा; आधीचा आकडा थंडीत ऑईल किती वाहतं ते सांगतो, नंतरचा शंभर अंश सेल्सिअसला ते किती दाट राहतं ते. १५डब्ल्यूची परीक्षा उणे वीस अंशांना घेतात. पुस्तकी मराठीत याला श्यानता म्हणतात, मेस्त्री जाडी म्हणतात. “उणे वीस? म्हणजे काश्मीर का?” असं विचारून त्यांनी तो आकडा निकालात काढला. ओतूरची जानेवारीची पहाट त्यांच्या लेखी थंडीची हद्द.

पण एका बाबतीत मेस्त्रींचा अनुभव कमी पडला, आणि तिथं मी, पुस्तक आणि भावाची धास्ती असे तिघं मिळून कामाला आलो. झालं असं की पावसाळ्यात घाटात दरड आली, वाहतूक थांबली. गावातलीच चिल्लर भाडी सुरू झाली: खताच्या गोण्या, मंडपाचं सामान, दोन किलोमीटर इकडे, चार किलोमीटर तिकडे. असे तीन आठवडे गेले. एके रात्री फोन आला, आवाजात आनंद. “ताई, ही गाडी एक नंबर आहे. जुनी ऑईल खायची. हिचं कमी तर होतच नाही, उलट पट्टीवर वर चढलंय!”

मी अंथरुणात उठून बसले. ऑईल कधी वाढत नाही. गवळ्याच्या किटलीत दूध वाढलं तर त्याचं एकच कारण असतं.

बीएस-६ गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी एक जाळी असते, डीपीएफ म्हणतात तिला. जाळी भरत आली की इंजिन स्वतःच ती जाळून साफ करतं. त्यासाठी सिलिंडरमध्ये थोडं डिझेल उशिरा फवारतं, जेणेकरून ते पुढं जाऊन जळावं आणि जाळी तापावी. गाडी लांब पल्ल्यावर असेल तर काम नीट होतं. पण दोन किलोमीटरला गाडी बंद केली की साफसफाई अर्धवट राहते, पुढच्या वेळी पुन्हा सुरू होते, पुन्हा अर्धवट. प्रत्येक वेळी ते उशिराचं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून रिंगांच्या फटीतून खाली ऑईलमध्ये उतरतं. ऑईलची पातळी वाढते, जाडी जाते. पट्टीवर भरल्यासारखं दिसतं आणि बेरिंगपाशी मात्र पातळ कढी पोचते.

“पट्टीचा वास घे,” मी म्हटलं. तो अंगणात गेला. फोन चालूच होता, चपलांचा आवाज, बॉनेट उघडल्याचा आवाज. मग बराच वेळ काही नाही.

“डिझेलचा येतोय,” तो म्हणाला.

तेव्हा शेवटच्या बदलाला चारच हजार झाले होते. पुस्तकाचे वीस नाहीत, निम्मे दहा नाहीत, मेस्त्रींचे पाचसुद्धा भरले नव्हते. दुसऱ्या दिवशी ऑईल काढून टाकलं. मेस्त्री म्हणाले, चाळीस वर्षांत वर चढलेलं ऑईल बघितलं नव्हतं. त्यांनी दोनदा वास घेतला. आता ते प्रत्येक नव्या गाडीची पट्टी नाकाला लावतात असं भाऊ सांगतो. या जाळीमुळंच आता ऑईलही ठरावीक प्रकारचं, कमी राख सोडणारं लागतं. काजळी जळून जाते, पण ऑईलमधल्या धातूंची राख जळत नाही, जाळीत कायमची बसते. दुकानदार जुन्या सवयीनं जुनाच डबा पुढं करतो, लिटरमागं शंभरेक रुपये स्वस्त. डुप्लिकेटच्या अनुभवानंतर भाऊ डब्याची लेबलं लग्नपत्रिका वाचावी तशी वाचतो, त्यामुळे ते एक संकट टळलं.

या सगळ्यात आमच्या घरच्या आबांनी तोंड उघडलं नव्हतं. आबांचं आयुष्य बैलगाडीवर गेलं. आमची गाडी अजून गोठ्याच्या आडोशाला आहे, चाकं मातीला लागून वाळवी धरू नये म्हणून आख दगडांवर चढवून ठेवलेला. पूर्वी तिच्या खाली बांबूची एक नळी टांगलेली असायची. तिच्यात वंगण: एरंडेलात भिजवलेल्या चिंध्या आणि एक काडी. चाक करकरायला लागलं की आबा वाटेत थांबायचे, आखाची खीळ काढायचे, चाक चारेक बोटं बाहेर ओढायचे आणि आखाला वंगण चोपडायचे. किती मैलांनी? असा प्रश्नच नव्हता. गाडी बोलायची. आबांचं म्हणणं एवढंच, की तुमच्या या गाडीला तोंड नाही. ते खरंच आहे. मोटारीचं इंजिन करकरत नाही. लाल दिवा लागतो तेव्हा सांगण्यासारखं फारसं उरलेलं नसतं, माळशेजात आम्ही ते बघितलं आहे.

एरंडेलाचं नातं मात्र मोटारीशी आबांना वाटतं त्याहून जवळचं आहे. १९०९ साली इंग्लंडात एका कंपनीनं इंजिनाच्या तेलात एरंडेल मिसळून विकायला सुरुवात केली आणि एरंडीच्या इंग्रजी नावावरून त्याला कॅस्ट्रॉल असं नाव दिलं. पहिल्या महायुद्धातल्या कित्येक विमानांची इंजिनं एरंडेलावर चालत. एरंडेल उष्णतेत दम धरतं, पण जुनं झालं की चिकट होऊन बसतं, म्हणून मागं पडलं. मी हे आबांना सांगितलं तेव्हा त्यांनी तंबाखू मळत मळत विचारलं, “विमानालाबी?” आणि मग दोन दिवस गावात ज्याला-त्याला सांगत सुटले.

तोडगा शेवटी निघाला तो अमावस्येवर. आबा अमावस्येला बैल जुंपत नसत. त्या दिवशी बैलांना विश्रांती आणि गाडीची डागडुजी. भाऊही अमावस्येला फेरी घेत नाही. गाडी धुतो, हार घालतो, नारळ फोडतो, लिंबू-मिरची नवी बांधतो. मी म्हटलं, लिंबू-मिरची बदलतोस त्याच हातानं पट्टी बघत जा. सपाट जागेवर उभी कर, अंगणाच्या उतारावर नको, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांब. पट्टी पूस, पुन्हा घाल, मग काढ. पातळी बघ, वास घे, कागदावर थेंब टाक. दर अमावस्येला तो मला थेंबाचा फोटो पाठवतो. हंगामात एक अमावस्या सोडून दुसरीला ऑईल बदलतो. किलोमीटर दहा हजारांच्या पुढं चार-पाच हजार जातात, हे मला आवडत नाही. पण थेंब पसरलेला असतो, म्हणून मी चालवून घेते. थेंब बिघडला तर अमावस्येची वाट बघायची नाही, हे त्याच्याकडून कबूल करून घेतलं आहे. बदललं की बिल आणि पुस्तकातली नोंद जपून ठेवायची, वॉरंटीसाठी. माझ्या मोबाइलात आता नातवंडांच्या फोटोंच्या मध्ये-मध्ये कॅलेंडरच्या कागदावरचे काळे गोल आहेत. स्टाफरूममध्ये एका सहकारी बाईंनी चुकून ते बघितले आणि विचारलं, “सोनोग्राफी आहे का?”

राहिला प्रश्न काढलेल्या ऑईलचा. एका वेळी साडेसहा-सात लिटर निघतं. गावाकडं त्याला जळकं ऑईल म्हणतात आणि ते कधी वाया जात नाही: दाराच्या चौकटीला, गोठ्याच्या खांबांना, स्लॅबच्या फळ्यांना. वाळवी जवळ येत नाही. मी आबांना समजावलं की त्यात जड धातू असतात, जळून बनलेली घातक द्रव्यं असतात. ते हाताला लागणं वाईट, विहिरीत उतरणं त्याहून वाईट. सरकारी नियमांत त्याची गणना घातक कचऱ्यात होते. ते शुद्ध करून पुन्हा वापरता येतं, म्हणून मेस्त्रींच्या पिंपात द्यायचं. तिथून ते परवानाधारक माणूस घेऊन जातो. आबांनी सगळं ऐकून घेतलं. “बरं,” म्हणाले. त्यानंतर प्रत्येक वेळचं ऑईल पिंपात जातं, भाऊ शपथेवर सांगतो.

दिवाळीत गेले होते तेव्हा सकाळी गोठ्यामागं तुळशीसाठी माती काढायला गेले. बैल विकून अकरा वर्षं झाली. गाडीच्या साटीवर ज्वारीच्या पेंढ्या रचल्या होत्या. मागच्या चौकटीला, जिथं पूर्वी वंगणाची नळी असायची तिथं, सुतळीनं बांधलेली पाण्याची प्लास्टिकची बाटली टांगली होती. आत अर्ध्यापर्यंत काळंभोर ऑईल, आणि बुचातल्या भोकातून बाहेर आलेली एक काडी. आख चाकापाशी ओला चमकत होता. मी चाकाला हात लावून जरा ढकललं. ते दगडावरच्या आखावर आवाज न करता फिरलं, दोन वेढे घेऊन थांबलं. बाटलीचं बूच सैल होतं. ते घट्ट लावलं, पदरानं बोटं पुसली आणि माती घेऊन घरात आले.